सल्ला: "मशीनवर ठेवणार म्हणजे संपलंच का, ताई?"

पत्र: ताई, माझी मुलगी सात महिन्यांची आहे, वजन सहा किलो. जन्मापासून श्वास घेताना घुरघुर यायची, सगळे म्हणायचे कफ आहे, जाईल. दोनदा साध्या सर्दीवरून व्हेंटिलेटरवर गेली. आता सीटी स्कॅन आणि दुर्बिणीच्या तपासणीत कळलं की तिची श्वासनलिका अर्ध्याहून जास्त लांबीपर्यंत जन्मतःच अरुंद आहे, सगळ्यात चिंचोळ्या जागी फक्त दोन मिलिमीटर, आणि डाव्या फुप्फुसाची रक्तवाहिनीही चुकीच्या वाटेने गेलीय. ऑपरेशन करायचं म्हणतात, पण न्यूमोनियाने फुप्फुसं आधीच दमलीयेत म्हणून आधी आणि नंतरही काही दिवस, कदाचित दोन आठवडेसुद्धा, एक्मो मशीनवर (म्हणे ते रक्त शरीराबाहेर घेऊन त्यात ऑक्सिजन घालतं) ठेवावं लागेल असं सांगितलं. सासूबाई म्हणतात मशीनवर ठेवलं म्हणजे संपलंच. नवरा म्हणतो जरा मोठी होऊ दे, मग बघू. दीरांनी व्हिडिओ पाठवलाय की लॅबमध्ये बनवलेली श्वासनलिका बसवतात. परवा सही करायचीय. करू का? आणि मशीनवर असताना तिला कळेल का की मी जवळ आहे? – एक आई

उत्तर:

अगं, आधी सासूबाईंच्या वाक्याचंच बघू, कारण तुझी झोप त्यानेच उडालीय असं मला वाटतं. त्यांचा दोष नाही, 'मशीनवर ठेवलंय' हे आपण बहुतेक वेळा एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या दोन दिवसांबद्दलच ऐकलेलं असतं. पण तुझ्या लेकीच्या बाबतीत मशीन शेवट लांबवायला लावत नाहीयेत, एका ठरवून केलेल्या ऑपरेशनचा तो भाग आहे, जशी भूल हा भाग असतो तसा, फक्त बराच मोठा आणि बराच जोखमीचा. आणि हे यंत्र लहान मुलांसाठी काही नवीन नाही, 1975 मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला एक्मोवर ठेवून वाचवलं, तिची आई तिला सोडून गेली होती म्हणून नर्सेसनी तिचं नाव एस्परान्झा ठेवलं, म्हणजे आशा. सासूबाईंना एवढं सांगितलंस तरी चालेल, बाकीचं तुझ्यासाठी.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. बावीस वर्षं मुलांच्या हार्ट आयसीयूत सिस्टर होते, त्यातली बरीच वर्षं एक्मोच्या बेडशेजारी उभं राहण्यात गेली. त्यामुळे ऑपरेशन कसं करावं ते तुझ्या सर्जनचं काम, मी तुला ते दिवस कसे असतात आणि सही करायच्या आधी काय विचारायचं तेवढं सांगू शकते.

दोन मिलिमीटर म्हणजे किती ते बघ, बॉलपेनच्या रिफिलच्या आसपास. आणि यातली मेख अशी की नळी अर्धी झाली तर श्वास ओढायला दुप्पट जोर लागत नाही, सोळापट लागतो. म्हणून चार मिलिमीटरच्या नळीत सर्दीने चहूबाजूंनी एक-एक मिलिमीटर सूज आली तरी बाळाची पार दमछाक होते, आणि तुझ्या लेकीकडे तर मुळात चार नाहीतच. झोपेत बरी दिसते आणि रडायला लागली की निळी पडते ना? रडताना हवा जोरात ओढली जाते, मग अरुंद जागी ती सरळ न जाता भोवरे घालते आणि जोर आणखीनच वाढतो. आपल्या श्वासनलिकेच्या कूर्चा घोड्याच्या नालासारख्या असतात, मागची बाजू मऊ, त्यामुळे नळीला थोडं फाकायला जागा मिळते. अशा बाळांमध्ये त्या कूर्चा पूर्ण गोल असतात, बांगडीसारख्या, म्हणून नळी फाकतच नाही. आणि ती रक्तवाहिनी जी चुकीच्या वाटेने गेलीय, ती उजव्या बाजूने निघून श्वासनलिकेच्या मागून, म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधून वळसा घालून डावीकडे येते, त्याला डॉक्टर स्लिंग म्हणतात, गोफणीसारखा आकार होतो म्हणून. या दोन गोष्टी अनेकदा जोडीनेच येतात, तेव्हा 'आमच्याच नशिबी दोन दोन कसे' असं मनात आणू नकोस.

नवऱ्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाहीये बरं का. ज्या मुलांची नळी थोडीशीच अरुंद असते आणि ज्यांना फारसा त्रास नसतो, त्यांच्यात डॉक्टर खरंच थांबतात, काहींच्या त्या गोल कूर्चा वाढतातही. पण जी मुलगी सात महिन्यांत दोनदा सर्दीवरून व्हेंटिलेटरवर गेलीय तिच्या बाबतीत 'मोठी होऊ दे' म्हणजे तिसऱ्या सर्दीची वाट बघणं. हे त्याला माझ्या नावाने सांग, किंवा त्यापेक्षा सर्जनसमोर त्यालाच विचारू दे, बापाला स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय पटत नाही.

आता ऑपरेशन. बहुधा तुला 'स्लाइड' हा शब्द ऐकायला मिळाला असेल. पूर्वी अरुंद भाग उभा चिरून वर हृदयाभोवतीच्या आवरणाचं किंवा कूर्चेचं ठिगळ लावायचे, ती ठिगळं नंतर त्रास द्यायची. 1989 मध्ये लंडनच्या सर्जननी वेगळी कल्पना मांडली, ठिगळ नकोच, तीच नळी वापरायची. घरी करून बघ, कागदाची सुरळी करून चिकटव, मधोमध आडवी काप, मग वरच्या तुकड्याला मागून उभी चीर दे, खालच्याला पुढून, आणि दोन्ही तुकडे उघडून एकमेकांवर सरकव. लांबी निम्मी झाली पण घेर दुप्पट झाला. घेर दुप्पट म्हणजे आतली जागा चौपट. मला हे पहिल्यांदा एका रजिस्ट्रार डॉक्टरने टिश्यूपेपरवर दाखवलं होतं तेव्हा मी अक्षरशः थक्क झाले, इतकी साधी शिंपीकामासारखी गोष्ट! अर्थात कागद आणि सहा किलोच्या बाळाची श्वासनलिका यात फरक आहे. त्या नळीवर लांबलचक तिरकी शिवण पडते आणि ती शिवण हवाबंद राहायला हवी.

इथेच मशीनचा प्रश्न येतो, आणि सगळ्या पत्रात मला तुला जे सांगायचंय ते हेच आहे. ऑपरेशन चालू असताना नळी कापलेली असते, म्हणजे फुप्फुसाला हवा देण्याची वाटच बंद, मग रक्तात ऑक्सिजन बाहेरून घालावा लागतो हे तर उघड आहे. तेवढ्या काही तासांसाठी हार्ट-लंग मशीन वापरतात, जी ओपन हार्टला वापरतात तीच. त्यावर दिवसच्या दिवस ठेवता येत नाही, त्यात रक्त उघड्या टाकीत साठतं, हवेशी संबंध येतो, रक्त न गोठण्याचं औषध भरपूर द्यावं लागतं. एक्मो हे त्याचंच बंद नळ्यांचं भावंड आहे, औषध कमी लागतं आणि ते दिवस काय, आठवडेही चालू शकतं. तुझ्या लेकीला ते ऑपरेशननंतरही का? कारण ताजी शिवण. एक्मो नसेल तर दमलेल्या फुप्फुसांसाठी व्हेंटिलेटरला जोर लावून हवा ढकलावी लागणार, ती हवा त्या शिवणीवर आतून दाब देणार, आणि शिवण उसवली की हवा छातीत. एक्मोवर असताना व्हेंटिलेटर अगदी हलका ठेवता येतो, नुसता फुप्फुसं मिटू नयेत एवढा. म्हणजे मशीन तिला बरं करत नाहीये, ते फक्त शिवण आणि फुप्फुस या दोघांना विसावायला वेळ देतंय, बरं तिचं तिलाच व्हायचंय. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे दिवस बरेच समजतात.

आता तू आत गेल्यावर काय दिसेल ते सांगते, कारण पहिल्यांदा बघून बऱ्याच आया जमिनीवर बसतात. दोन जाड नळ्या, एक काळपट लाल, एक लालभडक. काळपट नळीतून रक्त बाहेर येतं, पंपातून ऑक्सिजनेटर नावाच्या डबीत जातं, तिथे कार्बन डायऑक्साइड निघतो, ऑक्सिजन चढतो, गरम होतं आणि लालभडक होऊन परत जातं. दोन नळ्यांतला रंगाचा फरक डोळ्यांना दिसतो, दिवसातून दहादा बघशील. नळ्या मानेच्या उजव्या बाजूला असतील, किंवा थेट छातीतून, मग छाती लगेच बंद न करता वर पातळ पडदा लावून ठेवतात, ते बघायला भयंकर वाटतं पण ते ठरवूनच केलेलं असतं. सहा किलोच्या बाळात सगळं मिळून साधारण अर्धा लिटर रक्त असतं आणि सर्किट भरायलाच कधीकधी जवळपास तितकं लागतं, म्हणून दुसऱ्याचं रक्त आधीपासून तयार ठेवतात. तिचं अंग सुजेल, चेहरा ओळखू येणार नाही असा होईल एकदोन दिवस. रात्री दोन वाजता कोणीतरी टॉर्च घेऊन नळ्यांच्या जोडांवर आणि डबीवर उजेड मारताना दिसेल, घाबरू नकोस, बिघाड झालेला नसतो, आम्ही गुठळ्या शोधत असतो, काळे ठिपके, पांढरे धागे, दर काही तासांनी.

आणि छाती हलणार नाही. किंवा अगदी नावाला हलेल. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण इथे माझ्या हातून एकदा चूक झालीय. एका आईला मी सकाळी म्हटलं सगळं ठीक आहे, आणि दुपारी तिने स्क्रीनवर एक्स-रे बघितला, दोन्ही फुप्फुसं पांढरीफटक. ती किंचाळली की तुम्ही खोटं बोललात. मी खोटं बोलले नव्हते, एक्मोवर व्हेंटिलेटर हलका ठेवला की फुप्फुसं मिटतात आणि एक्स-रे पांढरा येतोच, आम्हाला ते अपेक्षित असतं. पण मी ते तिला आधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंतर तिने माझ्यावर कधी विश्वास ठेवला नाही, बरोबरच होतं तिचं. म्हणून तुला आधी सांगतेय.

धोके लपवणार नाही. सगळ्यात मोठा रक्तस्रावाचा. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून औषध द्यायचं, आणि त्याच वेळी ताजी शिवण आहे तिथून रक्त येऊ नये असंही हवं, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. टीम दर काही तासांनी रक्त तपासून औषध कमीजास्त करते, ऑपरेशननंतरचे पहिले काही तास कधी पूर्ण बंदही ठेवते. मेंदूत रक्तस्राव झाला तर ते सगळ्यात वाईट, म्हणून तिची टाळू अजून भरली नसेल तर त्या टाळूवरून सोनोग्राफी करत राहतात, बाळ लहान असण्याचा तेवढा एक फायदा. उलट गुठळी झाली तर ती मेंदूकडे जाऊ शकते. इन्फेक्शन, किडनी मंदावणं, लाल पेशी पंपात फुटणं, हेही आहे, आणि जितके दिवस जास्त तितकं हे सगळं वाढत जातं, म्हणून एक्मो 'जितका जास्त तितका चांगला' असा कधीच नसतो. मानेतून केलं आणि हृदयालाही आधार द्यायचा असेल तर मेंदूकडे जाणारी उजवी रोहिणी वापरतात, नंतर कधी ती दुरुस्त करतात, कधी बांधून टाकतात. ऐकायला भीती वाटते, पण मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि बहुतेक बाळांत दुसरी बाजू काम सांभाळून घेते. तरी पुढे काही वर्षं मेंदूच्या वाढीची तपासणी करत राहायला लागते.

परवा सही करताना काय विचारशील? फार प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नकोस, भीतीने अर्धे विसरतेस आणि उरलेल्यांची उत्तरं ऐकू येत नाहीत. माझ्या मते दोन प्रश्न बाकी सगळ्यांच्या वरचे आहेत. पहिला, आपण मशीनवर नेमकी कशाची वाट बघणार आहोत? न्यूमोनिया उतरायची, सूज ओसरायची, की शिवण धरायची, आणि ते झालंय हे तुम्हाला कशावरून कळणार? चांगली टीम याचं उत्तर पटकन देते, दुर्बिणीने आत बघू, शिवण गुलाबी असेल, गळती नसेल, फुप्फुसं उघडायला लागली असतील, मग मशीनचा फ्लो कमी करून बघू, असं काहीतरी. 'बघू या' एवढंच उत्तर आलं तर परत विचार. दुसरा प्रश्न तोंडातून निघणार नाही पण काढ: मेंदूत मोठा रक्तस्राव झाला किंवा फुप्फुसं उठलीच नाहीत तर तुम्ही काय कराल, आणि आम्हाला कधी सांगाल? हे आधी, शांत डोक्याने, दोघांनी मिळून ऐकलेलं असलं तर त्या रात्री कॉरिडॉरमध्ये उभं राहून पहिल्यांदा ऐकावं लागत नाही. शिवाय हेही विचार की हे ऑपरेशन आणि मुलांचा एक्मो दोन्ही या टीमने मिळून किती केलेत. विचारायला लाजायचं काही कारण नाही, हे दुर्मिळ काम आहे आणि हात सरावाचे असणं इथे फार महत्त्वाचं, जी माणसं खरंच करतात त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही. आणि रोज एकाच ठरलेल्या डॉक्टरने तुमच्याशी बोलावं अशी मागणी कर, नाहीतर पाच जणांकडून पाच अर्धवट वाक्यं ऐकून डोकं फिरतं.

दीरांचा तो व्हिडिओ. प्रेमाने पाठवलाय, रागावू नकोस, पण तो विषय सोड. 2011 मध्ये स्टॉकहोममध्ये पाओलो मॅकियारिनी नावाच्या सर्जनने प्लॅस्टिकच्या नळीवर मूळ पेशी लावून श्वासनलिका बसवली, जगभर वाहवा झाली, आणि मग बहुतेक पेशंट एकेक करून दगावले. 2023 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. तुझ्या लेकीचे डॉक्टर तिचीच नळी वापरतायत, हेच चांगलंय.

मशीन निघालं की सगळं झालं असं समजू नकोस, मी बघितलंय की आया त्या दिवशी पेढे वाटल्यासारख्या फोन करत सुटतात आणि दुसऱ्या दिवशी खचतात. एक्मो निघाल्यावरही ती काही दिवस व्हेंटिलेटरवर असेल. शिवणीला ताण नको म्हणून हनुवटी छातीकडे झुकवून ठेवतात, कधी तिथे टाकाही घालतात. इतके दिवस झोपेची आणि दुखण्याची औषधं दिलेली असतात, ती कमी करताना पोर थरथरते, घाम येतो, किरकिरते, झोपत नाही, तिला वेड लागलंय की काय असं वाटतं, ते औषध सुटण्याचं असतं आणि हळूहळू जातं. पुढे वरचेवर दुर्बिणीची तपासणी, शिवणीवर मांस वाढलं तर ते काढणं, जागा आवळली तर फुग्याने रुंद करणं, काही मुलांना परत ऑपरेशन. आवाज काही दिवस बसलेला राहतो, आणि घुरघुर एकदम थांबेल असंही नाही.

सही करू का, विचारलंस. वर सांगितलेल्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर मी तुझ्या जागी असते तर केली असती. मिळाली नाहीत तर दुसऱ्या मोठ्या केंद्राचं मत मागितलं असतं, रिपोर्ट आणि सीटीची सीडी पाठवून, आणि ती सध्या स्थिर आहे का, तेवढा वेळ आहे का, हे आधी यांनाच विचारलं असतं.

आणि शेवटचं. ती बहुधा गाढ झोपेच्या औषधावर असेल, कधी अंग सैल करायचं औषधही चालू असेल, त्यामुळे डोळे उघडणार नाही, बोट पकडणार नाही, त्यावरून काही अंदाज बांधू नकोस. ऐकू येतं की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आई बोलायला लागली की मॉनिटरवरचे ठोके थोडे खाली आलेले मी खूपदा बघितलेत, सगळ्यांचे नाही, पण खूपदा. दूध येत असेल तर पंपाने काढत राहा, नाकातल्या नळीतून तेच देता येतं आणि तुझ्या हाताला काहीतरी काम राहतं. नवरा आणि तू आळीपाळीने घरी जाऊन झोपा, दोघं एकदम जागून कोसळू नका. मोजे आणि टोपरं नेऊ नकोस, नेलेस तरी आम्ही काढून ठेवतो, पायाचा रंग आणि ऊब सारखी बघायला लागते. मानेला आणि नळ्यांना हात लावायचा नाही, उचलायचं नाही. तळपाय मोकळे असतात, तिथे हात ठेव. आत जाताना हात धू, खरबरीत गार असतील तर आधी चोळून गरम कर.